कुंपणापलीकडचा सरडा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्याने कुणी प्रथम वापरली, त्याने परसातला सरडा चांगला निरखलेला असणार. तो सरडा खरोखरच कुंपणाचा रहिवासी आहे. माणसाची चाहूल लागली की तो थोडे पळतो, काटेरी फांदीवर चढतो, मान वर-खाली करतो आणि तिथेच थांबतो. विणीच्या दिवसांत नराचे डोके आणि गळा लाल होतो व पोरांच्या हातात दगड येतो. वर्गात ‘सरडा’ असा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हाच.

पण कुंपण ओलांडून, शेवटचा बांध मागे टाकून आपण माळावर गेलो तर तिथे दुसराच सरडा भेटतो. आकाराने लहान, रंगाने मातीसारखा, झाडावर न चढणारा. जमिनीवरून तो इतक्या वेगाने पळतो की बऱ्याच वेळा आपल्याला सरडा दिसतच नाही, फक्त काहीतरी हलल्याचा भास होतो. हा लेख त्या सरड्याविषयी आहे. त्याची हकिगत सांगताना आपल्याला जालन्याच्या लष्करी छावणीपासून चार्ल्स डार्विनच्या ग्रंथापर्यंत जावे लागेल. पण आधी तो सरडा पाहू.

कोरड्या प्रदेशातले प्राणी हा पाठ शिकवताना आपण उंट सांगतो आणि सरड्यांपैकी फार तर राजस्थान-कच्छमधला सांडा सांगतो. सांडा खरोखर वाळवंटी आहे. जाड, काटेरी वलयांची शेपूट, जमिनीत खोल बीळ आणि मुख्यतः वनस्पतींचा आहार असा त्याचा थाट असतो. (त्याच्या चरबीचे तेल बाजारात औषध म्हणून विकणारे लोक आपण पाहिले असतील. त्या तेलाला औषधी गुण असल्याचा पुरावा नाही, आणि सांडा मारणे हा कायद्याने गुन्हा आहे.) मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मात्र सांडा पाहायला मिळणार नाही. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे वाळवंट नव्हे. तरीही फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मुरमाड माळावर सावली नसते, पाणी नसते आणि दुपारी दगडाला हात लावणे कठीण जाते. त्या जागी राहणाऱ्या प्राण्याला वाळवंटातल्याच अडचणी सोडवाव्या लागतात. आपल्या पाठासाठी उदाहरण हवे असेल तर ते शाळेमागच्या माळावर आहे.

एप्रिल-मे महिन्यात ऊन तापू लागले की नर एखाद्या उंचवट्यावर, धोंड्यावर किंवा ढेकळावर येऊन बसतो. शेपूट सोडली तर त्याची लांबी आपल्या मधल्या बोटाहून फारशी जास्त नसते. पाठ तपकिरी, तिच्यावर मधोमध चौकटीच्या आकाराचे गडद ठिपके. इथपर्यंत नर आणि मादी यांत विशेष फरक नाही. मग नर पुढच्या पायांवर उंच होतो आणि एकाएकी त्याच्या गळ्याखाली पंखा उघडतो. हा पंखा म्हणजे कातडीची घडी आहे. जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाची एक लांब काडी ती घडी पुढे ढकलते, छत्रीची काडी कापड ताणते तशी. घडी उघडली की निळा, काळा आणि नारिंगी-तांबडा असे तीन पट्टे उन्हात चमकतात. क्षणभरात पंखा मिटतो, पुन्हा उघडतो. ही उघडझाप दूरच्या मादीसाठी असते, तशीच शेजारच्या धोंड्यावरील दुसऱ्या नरासाठीही असते. दोन नर जवळ आले तर झटापट होते.

मादीला असा पंखा नसतो. ती मातीत मातीसारखी राहते. पावसाच्या सुमारास ती पुढच्या पायांनी लहानसा खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती लोटून खड्डा बुजवते आणि थुथनाने ती माती दाबून घेते. पिल्ले बाहेर येतात तोपर्यंत माळावर गवत असते आणि गवतात किडे असतात. मुंग्या, वाळवी, नाकतोडे, भुंगेरे हे या सरड्याचे अन्न. बसल्या जागेवरून तो भक्ष्य हेरतो, झेप घेऊन पकडतो आणि परत जागेवर येतो. फार घाईत असला तर मागच्या दोन पायांवरच पळतो.

आता एक खूण. बागेतल्या सरड्याच्या मागच्या पायाला पाच बोटे असतात. या सरड्याच्या मागच्या पायाला चारच असतात. दुर्बीण नसली तरी चांगल्या छायाचित्रात बोटे मोजता येतात. पंखा मिटलेला असताना किंवा मादीच्या बाबतीत ओळख पटवायची ती याच खुणेवरून.

या चार बोटांच्या सरड्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८२९ साली, फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए याच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत. नमुना पुदुच्चेरीचा, म्हणून नाव ‘सिटाना पॉन्टिसेरियाना’. प्रजाती सिटाना, आणि जातीचे नाव गावावरून. पुढे भारतात कुठेही गळ्याला पंखा असलेला सरडा सापडला की त्याला हेच नाव लावण्याची प्रथा पडली. प्रथा सोयीची होती. ती बरोबर होती का, ही शंका दख्खनमध्ये फिरलेल्या एका डॉक्टराने पुढे आणली.

थॉमस जर्डन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर १८३६ साली मद्रासला उतरला. पुढल्याच वर्षी त्याची नेमणूक मद्रासच्या दुसऱ्या घोडदळ पलटणीवर झाली आणि त्या पलटणीबरोबर तो जालन्याला आला. १८०३ साली असईची लढाई झाली तो परिसर आजच्या जालना जिल्ह्यातच, भोकरदन तालुक्यात आहे. त्या युद्धापासून कंपनीच्या फौजांचा जालन्याशी संबंध आला, आणि मुलूख निजामाचा असला तरी इथे मोठी छावणी उभी राहिली. पलटणीच्या डॉक्टरला, साथ नसेल तेव्हा, मोकळा वेळ भरपूर असे. बरेच जण तो शिकारीत घालवीत. जर्डनही बंदूक घेऊन निघे, पण संध्याकाळी वहीत नोंदी करी. १८३९ पासून मद्रासच्या एका नियतकालिकात त्याची द्वीपकल्पातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध होऊ लागली. तीत आणि त्याच्या पुढच्या ग्रंथातही जालन्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. माळावरच्या पक्ष्यांची ओळख त्याला इथेच झाली.

दख्खनच्या प्राण्यांकडे पाहणारा तो पहिलाच माणूस नव्हता. त्याच्या आधी मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स याने दख्खनमधील पक्षी व सस्तन प्राण्यांच्या याद्या १८३१-३२च्या सुमारास छापल्या होत्या. पण जर्डनचा आवाका मोठा होता. १८५३ साली त्याने द्वीपकल्पातील सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी केली, १८६२ ते १८६४ या काळात ‘भारताचे पक्षी’ हा ग्रंथ काढला, १८६७ मध्ये सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ दिला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खंड मात्र वाचकांच्या हाती पडला नाही. १८७० साली, निवृत्त होऊन मायदेशी जाण्याच्या सुमारास, त्याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या इतिवृत्तात काही टिपणे दिली. त्या टिपणांत ‘सिटाना डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा सिटाना, अशी एक वेगळी जात त्याने मांडली. दोन वर्षांनी तो वारला.

ज्या वर्षी हा खंड अर्धवट राहिला त्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ मध्ये, डार्विनचा मानवाच्या अवतरणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातला मोठा भाग लैंगिक निवडीचा आहे. मोराचा पिसारा जगायला उपयोगी नाही, उलट अडचणीचाच आहे. मग तो टिकला कसा? माद्या तसे नर पसंत करतात आणि नर एकमेकांशी स्पर्धा करतात म्हणून, असे डार्विनचे उत्तर होते. या उत्तरासाठी त्याने जगभरचे दाखले गोळा केले. सरड्यांच्या भागात त्याने आपल्या चार बोटांच्या सरड्याचे चित्र दिले आहे. चित्र घेतले आहे गुंथर या शास्त्रज्ञाच्या १८६४ सालच्या ग्रंथातून. पंख्याची घडी, त्यावरचे निळे, काळे आणि तांबडे रंग, ते फक्त विणीच्या काळात दिसणे आणि मादीला पंख्याचा मागमूसही नसणे, हे सगळे डार्विनने नोंदवले आहे. चित्राखाली नाव आहे ‘सिटाना मायनर’, गुंथरने लहान आकाराच्या जातीला दिलेले. आमचे मत असे की तिथे चित्र आणि नाव एकाचे व रंग दुसऱ्याचे, अशी थोडी सरमिसळ झाली आहे. तीन रंगांचा मोठा पंखा आजच्या माहितीप्रमाणे पश्चिमेकडील दख्खनच्या सरड्यांना शोभतो. डार्विनला त्याने काही बिघडत नव्हते. त्याचा मुद्दा नर-मादीतल्या फरकाचा होता आणि तो बरोबर होता.

यानंतर मात्र या सरड्याच्या वाट्याला उपेक्षा आली. १९३५ साली माल्कम स्मिथ याचा सरड्यांवरचा खंड निघाला. ब्रिटिश अमदानीतील भारताच्या प्राणिसंपदेच्या मालेतला हा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात, इतका तो काळजीपूर्वक लिहिलेला आहे. त्यात सगळे पंखेवाले सरडे एकाच जातीत, पॉन्टिसेरियानात, घातले गेले. जर्डनचे नाव समानार्थी नावांच्या यादीत बारीक टायपात गेले. स्मिथला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. संग्रहालयात काम करणाऱ्यापुढे असते ती अल्कोहोलची बाटली. तीत सरड्याचे रंग उडतात, पंखा मिटलेला असतो, आणि हाती उरतात ते खवले. खवले मोजून जाती वेगळ्या करायच्या तर या सरड्यांत फरक फार थोडे दिसतात. जो फरक मे महिन्यात माळावर दहा पावलांवरून नजरेत भरतो, तो लंडनच्या बाटलीत उरत नाही. शिवाय ज्याने तो माळावर पाहिला असता, त्याचा ग्रंथच निघाला नव्हता.

असे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालले. पाठ्यपुस्तकांत, वन्यजीवांच्या याद्यांत आणि आमच्या विद्यार्थिदशेतल्या टिपणांतही एकच नाव होते. नेपाळ आणि श्रीलंकेतून विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर काही नव्या जाती मांडल्या गेल्या, पण भारतात प्रश्न तसाच होता. तो सुटला २०१६ साली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. दीपक आणि प्रवीण कारंथ, महाराष्ट्रातील सरीसृप-अभ्यासक वरद गिरी आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या राज्यांतून नमुने गोळा केले. खवले तर त्यांनी मोजलेच, शिवाय जिवंत नरांच्या पंख्यांची छायाचित्रे घेतली आणि डीएनएची तुलना केली. तिन्ही साक्षी एकत्र ठेवल्यावर निघालेला निष्कर्ष असा होता, की मोठ्या रंगीत पंख्याचे सरडे ही सिटानाची नुसती जात नव्हे, ती स्वतंत्र प्रजातीच आहे.

नव्या प्रजातीला नाव हवे होते. लॅटिन किंवा ग्रीक शब्द शोधण्याऐवजी या मंडळींनी मराठी शब्द घेतला आणि नाव ठेवले ‘सराडा’. रोमन लिपीतून परत आल्यामुळे त्याचा उच्चार असा झाला आहे, पण शब्द आपला ‘सरडा’च. ज्या शब्दाने आपण रंग बदलणाऱ्या पुढाऱ्याला हिणवतो तो आता जगभरच्या प्राणिशास्त्रात एका प्रजातीचे नाव आहे. या प्रजातीत तेव्हा तीन जाती धरल्या गेल्या. पहिली जर्डनची. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुने वैध नाव मरत नाही, त्यामुळे १४६ वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले. आज ते ‘सराडा डेक्कनेन्सिस’ असे लिहितात आणि पुढे जर्डनचे नाव व साल कंसात देतात. कंसाचा अर्थ असा, की जात त्यानेच मांडली, प्रजाती नंतर बदलली. विद्यार्थी हा कंस नेहमी विचारतात, म्हणून इथे सांगितले. दुसरी जात ‘सराडा डार्विनाय’. डार्विनने लैंगिक निवडीसाठी या सरड्यांचा दाखला दिला होता, त्याची ही परतफेड. तिसरी ‘सराडा सुपर्बा’, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची, तिघांत सर्वांत झळाळत्या पंख्याची. फिक्या किंवा लहान पंख्यांचे सरडे सिटाना प्रजातीतच राहिले, पण त्यांतूनही त्याच निबंधात तीन नव्या जाती निघाल्या.

दोनच वर्षांनी दीपक आणि कारंथ यांनी या सरड्यांच्या वंशवृक्षाचा काळ मांडला. त्यांचा नातलग ओटोक्रिप्टिस श्रीलंकेच्या ओल्या जंगलात राहतो. पंखेवाले सरडे मात्र उघड्यावर आले आणि तिथेच त्यांच्या जाती वाढल्या. ही वाढ मायोसीन युगातल्या त्या कालखंडाशी जुळते, ज्यात भारतीय उपखंडाचा मोठा भाग कोरडा होत गेला, जंगल मागे हटले आणि गवताळ, झुडपी प्रदेश पसरला. याचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. माणसाने झाडे तोडली म्हणून माळ झाला आणि मग तिथे उरलेसुरले जीव राहू लागले, असे आपण मुलांना सहज सांगून जातो. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण केवळ उघड्या, कोरड्या जमिनीसाठी घडलेले इतके सरडे ज्या देशात आहेत, तिथली उघडी जमीन कालपरवाची असू शकत नाही.

इथे आम्हाला दुसऱ्या एका नोंदवहीची आठवण होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात जालना जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरानंतर आम्ही सकाळी माळावर गेलो होतो. एका गुरुजींनी बरोबर सातबारा आणला होता, कारण त्या तुकड्यावरून गावात वाद चालू होता. ज्या धोंड्यावर नर पंखा उघडून बसला होता ती जमीन उताऱ्यात ‘पोटखराब’ या सदरात होती. पोटखराब म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून आकारणी नाही. मुंबई इलाख्यात जमिनीची प्रतवारी ठरवून सारा बसवण्याची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून सुरू केली ती १८३०च्या दशकातच, जर्डन जालन्याला होता त्याच सुमारास. निजामाच्या मुलखात तशी मोजणी पुढे आली. सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने ही वर्गवारी योग्यच होती. घोटाळा झाला तो पुढे, महसुलाचा शेरा हा निसर्गाचाच शेरा आहे असे आपण धरून चाललो तेव्हा. देशातील पडीक जमिनींचे नकाशे २००० सालापासून प्रसिद्ध होत आहेत. त्यांत झुडपी माळ ‘पडीक’ याच मथळ्याखाली येतो आणि पडीक म्हटले की ती कशाने तरी भरून काढावी असे वाटू लागते.

भरून काढणारे हेतू वाईट नसतात, ही खरी अडचण आहे. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यात झालेल्या वृक्षलागवडीच्या मोहिमांत आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांना घेऊन खड्डे खणले असतील, आम्हीही खणले आहेत. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात झाड लावावेच. गवताच्या माळावर दाट गिरिपुष्प उभे केले तर जमिनीवर ऊन पडत नाही, आणि उन्हात अंग तापवून शिकार करणाऱ्या प्राण्याला ती सावली मानवत नाही. पवनचक्क्यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी होते. त्यामुळे तिथे सराडा सुपर्बाची संख्या वाढलेली दिसली. ही आनंदाची बातमी वाटते. पण हे सरडे तपासले तेव्हा त्यांच्या रक्तात तणावाचे संप्रेरक कमी होते, माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळत नव्हते, अंगाने ते रोडावलेले होते आणि नरांच्या पंख्यांचे रंग फिके पडले होते. घार-ससाण्याचे भय गेले, पण खाणारी तोंडे वाढल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याचे किडे कमी झाले असावेत. अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर बाणांची रांग काढून आपण थांबतो. एक बाण पुसल्यावर सरड्याच्या गळ्याच्या रंगापर्यंत काय पोहोचते, हे दाखवणारे इतके नेमके उदाहरण महाराष्ट्रातच मिळावे ही शिक्षकांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. पवनचक्की नको असे त्यातून निघत नाही. ती ‘रिकाम्या’ जागेवर उभी आहे हे विधान चुकीचे आहे, एवढे मात्र निघते.

शिबिरातल्या शिक्षकांना आम्ही एक साधे काम सुचवले होते. सरडा पकडायचा नाही, दगड उलथायचे नाहीत. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी माळावर जायचे, लांबून छायाचित्र घ्यायचे, मागच्या पायाची बोटे मोजायची, पंख्याचे रंग कोणत्या क्रमाने आहेत ते लिहायचे, तारीख-वेळ लिहायची आणि जमीन कशी आहे, मुरूम, खडक की गवत, हे लिहायचे. त्याच गुरुजींच्या शाळेतून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक वही आमच्याकडे आली. सहावी-सातवीच्या मुलांनी आठवडाभरात केलेल्या अकरा नोंदी होत्या. नऊ नोंदींत चार बोटे होती, दोनांत पाच. ती पाचवाली दोन्ही, मुलांनी लिहिल्याप्रमाणे, कुंपणावर होती. प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी आम्ही न सांगता आणखी एक रकाना आखला होता आणि त्यात जमिनीचा गट क्रमांक लिहिला होता.